मिस्त्रीचा हात आणि माझी बाजरी

८ एप्रिल १९४३. ओट्यावर बसून मी बाजरी निवडत होते. सांगलीच्या एका हळदीच्या गिरणीमागे आम्हाला राहायला एक खोली होती. खोली आणि इंजिनघर यांच्यामध्ये विटांची एकच भिंत. मी खडे वेचत होते आणि मधूनच एखादा दाणा ताटातून उडून खाली पडत होता. आठ-दहा दिवस हे चाललं होतं. मी वैतागून दाणे झाडूनं गोळा करायची आणि पुन्हा ताटात टाकायची. इंजिन चालू असलं की ताट थरथरणार, हे रोजचंच होतं. पण ताट थरथरणं वेगळं आणि शंभरातल्या एखाद्याच दाण्यानं टुणकन बाहेर पडणं वेगळं. हा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो रोज झाडून टाकत होते.

साडेदहाच्या सुमाराला पलीकडे मोठा आवाज झाला. पाठोपाठ पट्टा सुटून आपटल्याचा आवाज आला. मी ताट टाकून धावले. इंजिनाचा मोठा दांडा मोडून बाहेर आला होता. आमचे हे त्या गिरणीवर नऊ वर्षं इंजिन-ड्रायव्हर होते. तेलाची बुधली घेऊन ते इंजिनाशेजारीच उभे होते. मिरजेच्या इस्पितळात त्यांचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

आता मिस्त्रीबद्दल सांगते. तो मिरजेचा. मिरज-सांगलीपासून साताऱ्यापर्यंत गिरणीवाल्यांत त्याच्या हाताचं मोठं नाव होतं. हात म्हणजे खरोखरचा हात, उजवा तळवा. खंडेनवमीला इंजिनाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, की दसऱ्याला मिस्त्री इंजिन सुरू करायला लावायचा, डोळे मिटून तळवा त्यावर टेकवायचा आणि निकाल द्यायचा. त्यानं "ठणठणीत" म्हटलं की मालक वर्षभर निर्धास्त. लढाईमुळे सुटे भाग मिळत नव्हते. इंजिन उघडायचं म्हणजे गिरणी चार दिवस बंद. त्यापेक्षा मिस्त्रीचा हात सोयीचा. पुढं पुढं तो तीर्थासारखाच मागवला जाऊ लागला.

अपघाताच्या आठ दिवस आधी ह्यांनी मालकाला सांगितलं होतं, "इंजिनात मधूनच धक्का लागतोय. सारखा नाही, पण लागतोय. उघडून बघू या." हळदीचा मोसम ऐन भरात होता, जमिनीखालच्या पेवांतली हळद वर येत होती. मालकानं इंजिन उघडण्याऐवजी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं तळवा टेकवला, पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला इंजिनावर ठेवून दाखवला, थेंब सांडला नाही. म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. ड्रायव्हर थकलाय, त्याला चार दिवस सुट्टी द्या." लोक हसले. हे बुधली उचलून कामाला लागले.

अपघातानंतर मोडकं इंजिन तपासायला पुन्हा तोच आला. त्यानं सांगितलं, तेलाचा कप कोरडा होता, ड्रायव्हरनं तेलच दिलं नव्हतं. मी आणि हे मिरजेला होतो. तपासणीच्या वेळी आमच्यातलं कुणी तिथं नव्हतं. महिन्यानं मालकानं ह्यांना कामावरून कमी केल्याचा कागद दिला. त्यात लिहिलं होतं, "तेल देण्यात हयगय केल्यामुळे".

हात गेल्याचं हे कधी बोलले नाहीत. डाव्या हातानं जेवायला शिकले, डाव्या हातानं सही शिकले. एका हाताच्या माणसाला इंजिनावर लक्ष ठेवायला ठेवणाऱ्या गिरण्या होत्या. पण प्रत्येक ठिकाणी मागचा कागद मागायचे आणि तो वाचला की बोलणं संपायचं. हे घरी आले की मी विचारत नसे. ते टोपी खुंटीला अडकवत त्यावरूनच कळायचं. तेव्हा मी ठरवलं की तो एक शब्द पुसल्याशिवाय राहायचं नाही, आणि ज्यानं तो लिहायला लावला त्यालाही सोडायचं नाही. या दोन गोष्टींतली पहिली मी लोकांना सांगत असे.

पाटणला माझ्या भावाकडे आम्ही दीड वर्ष राहिलो. भावाच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. मी मराठी सातवी पास झालेली, गणितात बरी. सांगलीला जे झाडून टाकलं ते इथं मोजायला लागले.

आधी मोहरी घेतली. मोहरी वाऱ्यानंसुद्धा पळते. गहू जागचा हलत नाही. बाजरी बरोबर. पत्र्याच्या सपाट ताटावर खिळ्यानं दोन वर्तुळं कोरली, आतलं बांगडीएवढं, बाहेरचं डब्याच्या झाकणाएवढं. ताट गिरणीच्या भिंतीला टेकलेल्या फळीवर ठेवायचं, मधोमध शंभर दाणे ठेवायचे, सावकाश दोनशे आकडे म्हणायचे आणि मग कोणत्या वर्तुळात किती दाणे गेले ते मोजायचं. सकाळचं दुसरं दळण ज्वारीचं असायचं, तेव्हाच मोजायचं. कारण रिकाम्या जात्याचा थरथराट वेगळा, ज्वारीचा वेगळा. रस्त्यानं बैलगाडी गेली की ती मोजणी सोडून द्यायची. आणि एकदा मोजून काही कळत नाही. रोज पाच वेळा.

भावजय म्हणायची, "वन्सं, दाणं मोजून भाकरी वाढती व्हय?"

"कमी तर होत नाही," मी म्हणायची.

चांगल्या इंजिनाला साधारण सत्तर दाणे आतल्या वर्तुळात राहायचे, अठ्ठावीस मधल्या पट्ट्यात जायचे, दोन अगदी कडेला. कडेचे कधी एक, कधी चार, पण त्याच्या वर कधीच नाही. आतल्या दाण्याला एक गुण, मधल्याला दोन, कडेच्याला तीन असे धरून मी रोज बेरीज करायची. ती एकशे बत्तीसच्या आसपास यायची.

पाचव्या महिन्यात एक दिवस कडेला नऊ दाणे दिसले. आत चौऱ्याहत्तर, मधे सतरा, कडेला नऊ. बेरीज केली तर एकशे पस्तीस. म्हणजे बेरजेवर विसंबले असते तर सगळं जवळजवळ जसंच्या तसं होतं. तळवा टेकवून कळतं ते एवढंच, एकूण थरथर किती. ती वाढलीच नव्हती. उलट आतले दाणे चार जास्तच स्वस्थ बसले होते. फक्त मधूनच एखादा कडक धक्का येत होता आणि थोडेसेच दाणे दूर फेकले जात होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ, तिसऱ्या दिवशी दहा. मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी गिरणीवाल्याला सांगितलं. तो पाटणकडचा सरळ माणूस, त्यानं इंजिन उघडलं. दांड्याच्या मोठ्या बेअरिंगच्या आत जो मऊ पांढरा धातू ओततात त्याला केसाएवढी चीर गेली होती. तो धातू नवा ओतून बसवला आणि कडेचे दाणे पुन्हा दोनावर आले.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. सांगलीला माझ्या ताटातून उडणारे दाणे खरं सांगत होते. आणि मिस्त्रीच्या हाताला ते कधीच कळणार नव्हतं.

पाटणला दीड वर्ष होत आलं तेव्हा बातमी आली की मिस्त्रीनं फिरणं कमी केलं आहे आणि साताऱ्यात स्वतःची पिठाची गिरणी टाकली आहे. मी साताऱ्याला गेले आणि त्या गिरणीच्या भिंतीला भिंत असलेली खोली भाड्यानं घेतली. लोकांना वाटलं योगायोग. योगायोग काही नव्हता. तिच्या आधी मी दोन चांगल्या खोल्या नाकारल्या होत्या. हे म्हणाले, "तिथं जाऊन काय करणार आहेस?"

"मिरच्या कांडणार आहे," मी म्हटलं. तेही खरंच होतं. पेठेतल्या बायकांचं तिखट-मसाल्याचं कांडप मला भरपूर मिळालं.

मिस्त्रीनं आम्हाला ओळखलं. माणूस हसतमुख, पोट सुटलेला, तोंडात पान. पहिल्याच आठवड्यात दारात येऊन म्हणाला, "वहिनी, मिस्टरांना काही उद्योग आहे की नाही? माझ्याकडे पोती शिवायला बसू देत. एका हातानं जमेल तेवढं."

हे आतच होते. त्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "विचारते," आणि मुसळ उचललं.

त्याच भिंतीला टेकून मी फळी ठोकून घेतली, ताट ठेवलं. आकडे कोळशानं भिंतीवर लिहायची, रोज एक ओळ. सत्तर, अठ्ठावीस, दोन. एकोणसत्तर, एकोणतीस, दोन. त्याचं इंजिन नवं नव्हतं पण चांगलं होतं. चौदा महिने ते चांगलं राहिलं. चौदा महिने मी रोज सकाळी भिंतीपलीकडच्या माणसाचं वाईट व्हायची वाट पाहत होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. बायका म्हणायच्या, मी देवाचं काहीतरी करते, रोज ठरल्या वेळी ताट मांडते. मी तसं म्हणू दिलं.

१९४६ च्या भाद्रपदात कडेचे दाणे वाढले. पाच, सात, नऊ, नऊ, अकरा. मधे एक दिवस माझा स्वतःवरच विश्वास बसेना म्हणून पाचाऐवजी बारा वेळा मोजलं. सांगलीला दाणे उडायला लागल्यापासून दांडा मोडेपर्यंत आठ-दहा दिवस गेले होते. मी भिंतीवर दिवस मोजायला लागले. ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी सांगलीला मालकाला सांगितलं होतं, पाटणला गिरणीवाल्याला सांगितलं होतं. इंजिन दुखतं म्हटलं की समोर कोण आहे हे त्यांना दिसत नाही.

तेरावा दिवस गेला. चौदाव्या दिवशी कडेला सहा दाणे. मग चार. मग तीन, तीन, तीन.

मला इतका संताप आला की त्या दिवशी एका बाईचा मसाला करपवला. मला वाटलं, त्यानं ओळखलं आणि मी कांडपाच्या गडबडीत असताना गुपचूप दुरुस्त करून घेतलं. म्हणजे त्याचा हात खरा आणि माझे आकडे फुकट. दोन दिवस मी भिंतीकडे पाठ करून कांडत होते.

तिसऱ्या दिवशी हे भिंतीसमोर उभे राहिले. त्यांना माझी फळी माहीत होती, पण मी रोज काय लिहिते ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, "कडेचेच काय बघतेस? मधलं बघ. आत कुणी राहिलंच नाही."

मी बघितलं. आत एकतीस, मधे सहासष्ट, कडेला तीन. पाटणला बेरीज फसवते हे कळल्यापासून मी बेरीज करणंच सोडलं होतं. आता केली. एकशे बाहत्तर. सुरुवातीला चीर एके ठिकाणी होती, तिची कड धारदार होती, म्हणून मधूनच एखादा सणसणीत धक्का यायचा. पुढं त्या कडा झिजल्या, चीर सगळीकडे पसरली. आता एखादाच धक्का येत नव्हता, सगळंच इंजिन हादरत होतं. थोडे दाणे दूर जाण्याऐवजी सगळेच जागचे उठले होते. इंजिन सुधारलं नव्हतं, शेवटाला आलं होतं. एकट्या बेरजेवर विसंबणारा जसा फसतो तशीच मी एकट्या कडेवर विसंबून फसले होते. दोन्ही शेजारी शेजारी मांडायला हवं होतं, आणि ते एका हाताच्या माणसानं दोन मिनिटांत दाखवलं.

"त्याला सांगायला हवं," हे म्हणाले.

"मी सांगते," मी म्हटलं. "तुम्ही जाऊ नका. पोती शिवायला बसवेल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगशील ना?"

"सांगते म्हटलं ना. आजचं दळण संपलं, उद्या खंडेनवमीला इंजिन बंदच आहे. परवा सकाळी सांगते."

दसऱ्याच्या सकाळी गिरणी सुरू व्हायची. सणाचं पहिलं दळण मिस्त्रीच्या गिरणीतलं शुभ, असं आता साताऱ्यातही पसरलं होतं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायका पाट्या घेऊन आल्या होत्या, वीस-पंचवीस तरी असतील. इंजिनाला झेंडूची माळ. मिस्त्री कोरा सदरा घालून दारात उभा.

मी बरोबर अशा वेळी गेले की सगळ्यांना ऐकू जावं. म्हटलं, "मिस्त्री, आज इंजिन लावू नका. आतलं बेअरिंग गेलंय."

तो हसला. "कुणी सांगितलं, वहिनी?"

"माझ्या बाजरीनं."

पाटीवर पाटी ठेवून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आवं बाई, बाजरी बोलती व्हय तुमची? आमची तर निस्ती भाकरीत गप पडून असती."

सगळ्या हसल्या. मिस्त्री म्हणाला, "आज बाजरी बोलली, उद्या मिरच्या भांडतील. वहिनी, एवढी वर्षं या हातानं इंजिनं ओळखली. सणाच्या दिवशी अपशकुन कशाला करता?"

"सांगायचं ते सांगितलं," मी म्हटलं.

आणि हे अगदी तसंच व्हावं अशी माझी व्यवस्था होती. त्याला खोलीत बोलावून, भिंतीवरचे आकडे दाखवून सांगितलं असतं तर तो घाबरला असता आणि संध्याकाळी गुपचूप इंजिन उघडून बसला असता. पंचवीस बायकांपुढं, दसऱ्याच्या दिवशी, एका कांडप करणाऱ्या बाईचं ऐकून तो इंजिन बंद ठेवणं शक्यच नव्हतं. मी खरं सांगितलं आणि ऐकलं जाणार नाही अशा जागी सांगितलं. माझ्या मते आमचा हिशेब सांगलीच्याच भाषेत चुकता होत होता.

मग मी बायकांना म्हटलं, "इथं उन्हात कशाला बसता, पलीकडे सावली आहे." रांग उठून रस्त्यापलीकडच्या भिंतीला गेली. इंजिनघरात तो एकटा राहिला. तेवढं मी पाहिलं.

इंजिन सुरू झालं. त्यानं डोळे मिटले, तळवा टेकवला, आणि दारात येऊन ओरडला, "ठणठणीत." पट्टा चढवला. जात्यात गहू पडला. मी बायकांच्या शेजारी उभी राहून ऐकत होते. पाच मिनिटं गेली असतील.

तेवढ्यात आमच्या खोलीचं दार उघडलं आणि हे बाहेर आले. इंजिन चालू आहे, हे त्यांनी ऐकलं. सगळ्या बायका रस्त्यापलीकडे आहेत आणि त्यांच्यात मी उभी आहे, हे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. ते इंजिनघराकडे वळले.

"अहो," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. ते थांबले नाहीत. मी सगळ्याची आखणी केली होती, फक्त हे आत जातील याची केली नव्हती. पुन्हा त्याच जागी, दांड्याच्या शेजारी, उरलेला हात पुढं करून. मी रस्ता ओलांडून धावले. दारात पोचले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं इंजिनाला जळण पुरवणारा तेलाचा कॉक बंद केला होता.

"इंजिनाला हात लावायला सांगितलं कुणी तुम्हाला?" मिस्त्री ओरडत होता.

"ऐका," हे म्हणाले.

जड चाक हळूहळू थांबत होतं. वेग उतरला, आवाज उतरला, आणि शेवटच्या आठ-दहा फेऱ्यांत सगळ्यांना ऐकू आलं. प्रत्येक फेरीला आत एकेक ठोका, लाकडावर लोखंड पडावं तसा. चाक थांबलं.

"उघडा," हे म्हणाले.

मिस्त्रीनं स्वतःच पाना घेतला. बाजूचं झाकण काढलं, आत हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या तळव्यावर काळ्या तेलात पांढऱ्या धातूचे तुकडे होते, नखाएवढे, मूठभर. तो तसाच खाली बसला. नव्या सदऱ्याला तेल लागलं तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

ती म्हातारी दारापर्यंत आली होती. तिनं आत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं की वं. लय खरं बोलती तुमची बाजरी." मग पाटी उचलून निघाली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या गेल्या.

आम्ही तिघंच उरलो. हे म्हणाले, "सांगलीलाही असंच होतं. मी आठ दिवस आधी सांगितलं होतं."

मिस्त्री तळव्याकडे बघत होता. तसाच म्हणाला, "तेल होतं."

"काय?"

"सांगलीला तुमचा कप भरलेला होता. मी उपडा केला आणि पुसला. आठ दिवसांपूर्वी ठणठणीत म्हणून गेलो होतो. गिरण्यागिरण्यांत माझा हात ठेवतात. तो खोटा ठरला असता."

ह्यांचं तोंड मी पाहिलं. तीन वर्षं त्यांना माहीत होतं की तेल दिलं होतं, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. कधीकधी त्यांचा स्वतःवरचाही विश्वास डळमळला असावा, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, "जाऊ दे आता."

"जाऊ दिल्यानं तुमचा हात परत येत असेल तर जाऊ द्या," मी म्हटलं, आणि खोलीतून दौत, टाक, कागद घेऊन आले.

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, तोंडी सांगतो मालकाला."

"तोंडी तुम्ही इंजिनं ठणठणीत करता. लिहा."

त्यानं लिहिलं. मी एकेक ओळ सांगत गेले: ड्रायव्हरनं आधी सूचना दिली होती, मी फक्त हात ठेवून निकाल दिला, बेअरिंग आधीच गेलेलं होतं, कप भरलेला होता, तो मी रिकामा केला, हयगय ड्रायव्हरची नव्हती. 'हयगय' शब्दावर तो अडला. मी थांबून राहिले. लिहिला. खाली सही घेतली. तेलकट बोटाचा ठसा आपोआपच उठला होता.

कागदाची मी घडी घातली तेव्हा तो म्हणाला, "एवढं करा. सांगलीच्या मालकापुरतं ठेवा. साताऱ्यात दाखवू नका. इथं मला जगायचंय."

"बरं," मी म्हटलं.

हे बाहेर आल्यावर माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. सोनं वाटायला माणसं आली, तेवढ्यापुरते हसले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "तू बायकांना सावलीत नेलंस. त्याला नाही नेलंस."

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले. कागदाची मोठ्या अक्षरात, शाई न सांडता, ओळ न ओळ नक्कल केली. डब्यात त्याच्याच गिरणीतलं थोडं पीठ होतं, त्याची खळ शिजवली. हे अंथरुणावर उठून बसले होते. म्हणाले, "तू त्याला बरं म्हणाली होतीस."

"म्हणाले होते," मी म्हटलं.

गिरणीचं दार बंद होतं. दाराच्या मधोमध, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर मी नक्कल चिकटवली, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले, फुगा राहिला होता तो कापडानं बाहेर काढला. पाणी भरायला निघालेल्या दोघी थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून एकदा वाचून दाखवली. मग हात धुतले, मूळ कागद पोलक्यात ठेवला आणि सांगलीच्या पहिल्या मोटारीत जाऊन बसले.